श्रोत्यांची जबाबदारी

जुलमी सत्तेच्या इतिहासांत वक्त्यांचीं नांवें राहतात, श्रोत्यांचीं राहत नाहींत. हिटलर काय बोलला हें आज कोणासहि शोधून काढतां येतें. परंतु त्याचें बोलणें ऐकून घरीं गेलेल्या सुशिक्षित कुटुंबांनीं त्याचा काय अर्थ लावला, रविवारीं चर्चच्या बांकांवर बसून त्यांनीं काय ऐकलें व काय ऐकूनहि ऐकलें नाहीं, हें सांगणारे कागद फार थोडे आहेत. त्या थोड्यांपैकीं तीन कागदांचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. पहिला, मे १९३४ मध्यें बार्मेन येथें प्रसिद्ध झालेला जाहीरनामा. दुसरा, एलिझाबेथ श्मिट्झ ह्या बर्लिनच्या शिक्षिकेनें १९३५–३६ सालीं निनांवी लिहिलेलें निवेदन. तिसरा, दीट्रिख बॉनहॉफर ह्या पाळकानें १९४२ च्या अखेरीस आपल्या कांहीं जिवलगांसाठीं लिहिलेला 'दहा वर्षांनंतर' हा निबंध. पहिल्याचें नांव धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. तिसरा अनेक भाषांत वाचला जातो. दुसरा मात्र पुष्कळ वर्षें दुसऱ्याच बाईंच्या नांवावर होता. रचनेच्या दृष्टीनें पहिल्याचा मान मोठा, विचाराच्या दृष्टीनें तिसऱ्याचा. पण ज्या गुणामुळें हे तीनहि कागद आज आपल्या कामाचे आहेत त्या गुणांत दुसरा दोघांच्याहि पुढें आहे, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं हा लेख.

त्या गुणाला आम्ही अवधान म्हणतों. आपल्या भाषेंत ह्या शब्दाला ज्ञानदेवांनीं प्रतिष्ठा दिली. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं ते श्रोत्यांपाशीं हीच एक गोष्ट मागतात. श्रोत्याच्या अवधानावांचून वक्त्याचें बोलणें फळास येत नाहीं, हा तेथील भाव आहे. परंतु अवधान म्हणजे नुसतें गप्प बसून ऐकणें नव्हे. समोरचा नेमकें काय सांगत आहे, कोणत्या शब्दाच्या आड काय लपवीत आहे, आणि ज्याचें तो नांवच घेत नाहीं तो माणूस कोठें आहे, ह्या तीनहि गोष्टींचा शोध घेणें म्हणजे अवधान. पहिली गोष्ट अनेकांस साधते, दुसरी थोड्यांस, तिसरी क्वचित् एखाद्यास. जर्मनींतील त्या बारा वर्षांचा हिशेब ह्या क्रमानें मांडतां येतो.

ज्या समाजाविषयीं आम्ही बोलत आहों तो अडाणी नव्हता, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. गटे व शिलर ज्यांच्या कपाटांत होते, बाखचें संगीत ज्यांच्या घरांत वाजत होतें, तीं हीं कुटुंबें. देशाची बहुतेक प्रजा नांवानें ख्रिस्ती होती व तींतले जवळजवळ दोन-तृतीयांश लोक प्रॉटेस्टंट पंथाचे होते. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर चॅन्सेलर झाला. दोनच दिवसांनीं, १ फेब्रुवारीस, बर्लिनच्या रेडिओवर सव्वीस वर्षांच्या बॉनहॉफर यांचें तरुण पिढी व नेत्याची कल्पना ह्या विषयावर भाषण झालें. नेता जर अनुयायांना आपली मूर्ति करूं देईल तर तो लोकांना नेणारा राहत नाहीं, भुलवून नेणारा होतो, असा त्याचा मतितार्थ होता. पण शेवट येण्यापूर्वींच प्रक्षेपण बंद पडलें, आणि जो भाग गेला त्यांतच सारा इशारा होता! अर्धें भाषण ऐकणारास वक्ता नेत्याचा पुरस्कर्ताच वाटण्याचा संभव होता. म्हणून बॉनहॉफर यांनीं संपूर्ण भाषणाच्या प्रती काढून ओळखीच्या लोकांना पाठविल्या. अर्धवट ऐकणें हें खोटें ऐकण्याइतकेंच घातक, हा त्या बारा वर्षांचा पहिला धडा ह्या लहानशा प्रसंगांत आहे.

त्याच उन्हाळ्यांत चर्चच्या निवडणुका आल्या. 'जर्मन ख्रिस्ती' ह्या नांवाचा एक पक्ष उभा राहिला होता. चर्चनें नव्या राज्याशीं एकरूप व्हावें, ज्यू वंशाच्या पाळकांना दूर करावें, असें त्याचें म्हणणें होतें. २३ जुलै १९३३ रोजीं मतदान व्हावयाचें होतें. आदल्या रात्रीं हिटलर स्वतः ह्या पक्षासाठीं रेडिओवर बोलला, आणि पक्षास सुमारें दोन-तृतीयांश मतें पडलीं. पुढें १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहांत वीस हजार लोकांपुढें ह्या पक्षाच्या क्राउझे नांवाच्या पुढाऱ्यानें, ज्यूंचा ग्रंथ म्हणून जुना करारच टाकून द्यावा असें उघड सांगितलें. तेव्हां मात्र पुष्कळांचे कान टवकारले व अनेकांनीं पक्ष सोडला. मार्टिन नीमोलर यांनीं सप्टेंबरांतच पाळकांचा एक प्रतिकारसंघ काढला होता. १९३४ च्या आरंभीं त्याचे सुमारें सात हजार सभासद झाले. प्रॉटेस्टंट पाळकांची एकूण संख्या त्या वेळीं अठरा हजारांच्या आसपास होती.

येथें एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. १ एप्रिल १९३३ रोजीं ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यांत आला, दारांशीं पहारे बसले, तेव्हां हीं माणसें उठलीं नव्हतीं. हातांतला ग्रंथ काढून घेतात असें दिसलें तेव्हां उठलीं. ह्यांत एक थोर गुण आहे आणि एक मोठी उणीव आहे. बार्मेनच्या जाहीरनाम्यांत दोन्ही उतरलीं आहेत.

हा जाहीरनामा २९ ते ३१ मे १९३४ ह्या तीन दिवसांच्या महासभेंत मान्य झाला. ल्यूथरन, रिफॉर्म्ड व संयुक्त अशा तिन्ही परंपरांचे सुमारें १४० प्रतिनिधि बार्मेनच्या गेमार्के चर्चमध्यें जमले होते. शतकानुशतकें एकमेकांशीं वाद घालणाऱ्या ह्या परंपरा प्रथमच एका कागदावर एकत्र आल्या, आणि त्यांतून आपल्या श्रद्धेची उघड कबुली देणारी म्हणून 'कबुलीमंडळी' ह्या नांवाचा पक्ष उभा राहिला. मसुदा मुख्यतः कार्ल बार्ट यांच्या हातचा. त्यांत सहा कलमें आहेत. प्रत्येक कलमाच्या आरंभीं शास्त्रवचन, मग त्यावरून निघणारें विधान, आणि शेवटीं त्या विधानाच्या उलट शिकवणुकीचा स्पष्ट नकार. विशेषणांची आतषबाजी कोठेंहि नाहीं. सहाहि कलमांत हिटलरचें नांव नाहीं. तरीहि तो काळ जाणणाऱ्या कोणाच्याहि मनांत, नकार कोणाला आहे ह्याविषयीं शंका राहिली नसेल. ईश्वराचा शब्द एकच, तोच ऐकावयाचा व तोच मानावयाचा. त्याच्या जोडीला दुसरी कोणतीहि घटना, सत्ता वा व्यक्ति बसवितां येणार नाहीं, असें पहिलें कलम सांगतें. राज्यसंस्थेला तिचें काम आहे व मर्यादाहि आहे, माणसाच्या सर्व जीवनाची एकमेव व्यवस्था होण्याचा अधिकार तिला नाहीं, असें पांचवें कलम सांगतें. नकाराची इतकी संयमित व इतकी टणक गद्यरचना आम्हीं थोडीच पाहिली आहे. प्रचाराच्या गलबल्यांत खालच्या आवाजांत पण व्याकरणशुद्ध बोलणें हाहि एक प्रतिकारच आहे, हें ह्या कागदावरून पटतें.

ही कागदी लढाई होती असें मात्र कोणीं समजूं नये. १९३५ च्या मार्चमध्यें नव्या वंशपूजक धर्माविरुद्ध एक निवेदन प्रशियाच्या चर्चमधून वाचावयाचें ठरलें, तेव्हां सातशेंच्या वर पाळकांना अटक झाली. पुढील वर्षांत रविवारच्या उपासनेंत तुरुंगांतील व बंदी घातलेल्या माणसांचीं नांवें प्रार्थनेसाठीं मोठ्यानें वाचलीं जात. वर्तमानपत्रांत जें छापून येत नसे तें बांकावर बसलेल्या गृहिणीला, कारकुनाला, विद्यार्थ्याला तेथें कळे. डिकेनशीडचे पाळक पाउल श्नायडर तर १९३९ सालीं बुखेनवाल्डच्या छावणींत मारले गेले. ह्या मंडळीच्या धैर्याविषयीं बोलतांना आपण घरांत सुरक्षित बसून बोलत आहों, ह्याची जाणीव टीकाकारानें सोडतां कामा नये.

तरीहि टीकाकाराला जें दिसतें तें त्यानें सांगितलें पाहिजे. बार्मेनच्या सहा कलमांत ज्यूंचा उल्लेख नाहीं. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्यानें ज्यू वंशाच्या सरकारी नोकरांना घरीं पाठविण्यास आरंभ होऊन वर्ष उलटून गेलें होतें. बॉनहॉफर यांनीं त्याच एप्रिल महिन्यांत लिहिलेल्या एका लेखांत चर्चचीं तीन कर्तव्यें सांगितलीं होतीं: राज्य जें करतें आहे तें न्याय्य आहे काय असें राज्यालाच विचारणें, जे भरडले जातात त्यांना, ते आपल्या धर्माचे नसले तरी, साहाय्य करणें, आणि प्रसंग आलाच तर चाकाखालीं सांपडलेल्यांची शुश्रूषा करून न थांबतां चाकच अडविणें. हें सारें लिहिलें गेलेलें असतां बार्मेनमध्यें तें आलें नाहीं. खुद्द बार्ट यांनीं १९६७ सालीं एका पत्रांत, हा प्रश्न आपण त्या वेळीं निकराचा केला नाहीं ही आपली चूक होती, अशी कबुली दिली. कबुलीमंडळीची हीच कबुली तेहतीस वर्षें उशिरा आली. ग्रंथाकडे तिचें अवधान पुरें होतें. शेजारच्या दाराकडे अपुरें होतें.

ह्या उणिवेची किंमत कोणीं दिली हें फ्रीडरिख वाइस्लर ह्यांच्या उदाहरणावरून दिसतें. हे ज्यू वंशांत जन्मलेले, ख्रिस्ती झालेले न्यायाधीश; नोकरींतून काढल्यावर कबुलीमंडळीच्या कचेरींत काम करीत. १९३६ सालीं मंडळीच्या पुढाऱ्यांनीं हिटलरला एक खाजगी निवेदन धाडलें. त्यांत ज्यूद्वेषाचा स्पष्ट निषेध होता. तें परदेशी पत्रांत छापून आलें. संशय वाइस्लर यांच्यावर आला, आणि मंडळीनें त्यांना दूर केलें. १९३७ च्या फेब्रुवारींत ते साक्सेनहाउझेनच्या छावणींत मारहाणीनें मेले. निषेध लिहिणारी मंडळी, ज्यांच्यासाठीं निषेध लिहिला त्यांच्यापैकीं एक माणूस आपल्याच कचेरींत असतां, त्याच्या पाठीशीं उभी राहिली नाहीं!

आतां दुसऱ्या कागदाकडे वळूं. एलिझाबेथ श्मिट्झ ह्या १८९३ सालीं हानाऊ येथें जन्मल्या. बर्लिनला इतिहासकार माइनेके व धर्मशास्त्रज्ञ हार्नाक यांच्यापाशीं शिकून त्यांनीं डॉक्टरेट मिळविली, व मुलींच्या शाळेंत इतिहास, जर्मन आणि धर्म हे विषय त्या शिकवूं लागल्या. त्या पाळक नव्हत्या. व्यासपीठाखालीं बसून ऐकणाऱ्यांपैकीं त्या एक होत्या. ज्यू वंशाच्या त्यांच्या एका डॉक्टरीण मैत्रिणीचा व्यवसाय नव्या राजवटींत बुडाला, तेव्हां तिला त्यांनीं आपल्या घरीं ठेवून घेतलें. त्यामुळें नव्या कायद्यांचे परिणाम समजण्यासाठीं त्यांना वर्तमानपत्र उघडण्याची गरज राहिली नाहीं. ते परिणाम रोज त्यांच्याच मेजावर जेवावयास बसत. १९३३ पासूनच त्यांनीं बार्ट यांना व इतर पुढाऱ्यांना पत्रें लिहून, चर्च ह्याविषयीं कां बोलत नाहीं, असें विचारण्यास आरंभ केला होता.

सप्टेंबर १९३५ मध्यें श्मिट्झबाईंनीं 'जर्मन अनार्यांची स्थिति' ह्या विषयावर निवेदन लिहिलें. न्यूरेंबर्गचे कायदे त्याच महिन्याच्या १५ तारखेस झाले. मे १९३६ मध्यें त्यांनीं पुरवणी जोडली आणि सुमारें दोनशें प्रती स्वतः काढून कबुलीमंडळीच्या पुढाऱ्यांकडे पोंचविल्या. प्रत्येक प्रत म्हणजे अटकेचें निमित्त होतें. निवेदनाची मांडणी इतिहासाच्या शिक्षिकेला शोभणारी आहे. आधीं मनाचे हाल, मग पोटाचे हाल, मग चर्चची भूमिका. रस्त्याच्या कोपऱ्यावर ज्यूद्वेषी साप्ताहिकाच्या पेट्या लटकत आहेत व शाळेस जाणारीं मुलें त्या वाचीत आहेत. वर्गांतल्या ज्यू मुलाचा छळ होत आहे. कोणाची वकिली गेली, कोणाचें दुकान गेलें. अमुक अधिकारी अमुक बोलला. विशेषणें मोजकीं, उदाहरणें पुष्कळ. बाईंना संतापतां येत नव्हतें असें नाहीं. पण आपला संताप वाचकानें वाटून घेण्यापूर्वीं त्याला माहिती तर असली पाहिजे, हें शिक्षिकेला कळत होतें. शेवटीं त्या चर्चकडे वळतात व काइन आणि हाबेल ह्यांची कथा आठवून देतात. भाऊ कोठें आहे असा प्रश्न येईल तेव्हां कबुलीमंडळीलाहि काइनाच्या उत्तरावांचून दुसरें उत्तर उरणार नाहीं, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख आहे. बार्मेनच्या जाहीरनाम्यांत शास्त्रवचन आरंभीं येतें व त्यावरून निष्कर्ष निघतो. ह्या निवेदनांत वस्तुस्थिति आरंभीं येते व शास्त्रवचन शेवटीं येऊन वाचकाच्या खांद्यावर हात ठेवतें. आमच्या मतें ही मांडणी अधिक अवघड आहे, कारण तिच्यांतून निसटण्यास वाट नाहीं.

हें निवेदन कबुलीमंडळीच्या महासभेनें चर्चेसहि घेतलें नाहीं.

नोव्हेंबर १९३८ आला. ९ तारखेच्या रात्रीं देशभर ज्यूंचीं प्रार्थनामंदिरें जळालीं. बॉनहॉफर यांच्या बायबलांत चौऱ्याहत्तराव्या स्तोत्राशीं, देवाचीं स्थानें जाळल्याचें वर्णन येतें तेथें, पेन्सिलीनें ही तारीख घातलेली आढळते. १६ तारखेस पश्चात्तापाचा वार्षिक दिवस होता. व्युर्टेंबर्गमधील ओबरलेनिंगेनचे पाळक यूलिउस फॉन यान यांनीं यिर्मयाचें वचन घेऊन झाल्या प्रकाराचा निषेध केला. पुढें जमावानें त्यांना बेदम मारलें व त्यांना तुरुंगांत जावें लागलें. बर्लिनमध्यें डालेमच्या चर्चला, नीमोलर छावणींत असल्यामुळें, हेल्मुट गोल्विट्झर यांनीं प्रवचन केलें. बाहेर आपला शेजारी उघडा व भयभीत उभा आहे, ह्याची त्यांनीं श्रोत्यांना आठवण दिली. त्या श्रोत्यांत श्मिट्झबाई होत्या.

आठ दिवसांनीं, २४ नोव्हेंबरला, बाईंनीं गोल्विट्झर यांना पत्र लिहिलें. प्रवचनाबद्दल आभार त्यांत आहेतच; पण श्रोत्यानें वक्त्याला दिलेला हिशेबहि आहे. नोव्हेंबरचा दोष त्या एका रात्रीचा नव्हे, असें त्या दाखवितात. १ एप्रिल १९३३ ला आपण गप्प राहिलों, रस्त्यावरच्या पेट्यांविषयीं गप्प राहिलों, कायद्यांविषयीं गप्प राहिलों. त्या प्रत्येक मौनांत ही रात्र थोडी थोडी घडत होती. ज्यूंच्या कपड्यांवर खूण लावण्याचा बेत असल्याची वदंताहि त्या कळवितात. सप्टेंबर १९४१ मध्यें ती खूण पिवळ्या ताऱ्याच्या रूपानें खरोखरच आली. ही भविष्यवाणी नव्हती. ज्यानें पांच वर्षें नीट टिपून ठेवलें त्याला सहावें वर्ष दिसूं लागतें, एवढेंच. पत्र लिहून बाई थांबल्या नाहींत. राज्याला हवें तसें शिकविणें आपणांस शक्य नाहीं, असें सांगून त्या वर्षाच्या अखेरीस, पंचेचाळीसाव्या वर्षीं, त्यांनीं नोकरींतून निवृत्ति मागितली. पुढें युद्धाच्या काळांत त्यांनीं आपल्या घरीं ज्यूंना आसरा दिला.

तिसरा कागद बॉनहॉफर यांचा. ह्या पाळकाचा आपल्याशींहि एक धागा आहे. अहिंसक प्रतिकाराची रीत शिकण्यासाठीं गांधीजींच्या सहवासांत कांहीं काळ राहण्याची त्यांची इच्छा होती. त्यांनीं पत्र लिहिलें, इंग्लंडचे बिशप बेल यांनीं शिफारस केली, व गांधीजींनीं १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्रानें त्यांना येण्यास कळविलें. गांधीजींचा मुक्काम त्या सुमारास वर्ध्यास हलत होता. पण १९३५ सालीं फिंकेनवाल्ड येथें तरुण पाळकांची पाठशाळा चालविण्याचें काम अंगावर आलें आणि वर्ध्याचा प्रवास राहिला. ह्या पाठशाळेंत एकच उतारा आठवडाभर, रोज अर्धा तास, मौन राहून वाचण्याचा नेम होता. कांहीं विद्यार्थ्यांस तो जाचक वाटे. ज्या देशांत रोज नवी घोषणा कानांवर आदळत होती तेथें एका उताऱ्यापाशीं आठ दिवस थांबावयास शिकविणें, ह्याचें मोल आज कळतें. १९३७ च्या सप्टेंबरांत गेस्टापोनें ती पाठशाळा बंद केली.

'दहा वर्षांनंतर' हा निबंध १९४२ च्या नाताळच्या सुमारास लिहिला गेला. तोंवर बॉनहॉफर हिटलरविरोधी कटांत सामील झाले होते. एबरहार्ड बेटगे, हान्स फॉन डोहनान्यि व हान्स ओस्टर ह्या तिघां सहकाऱ्यांसाठीं तो होता. एक प्रत बॉनहॉफरांच्या वडिलांच्या घरांत छपराच्या तुळयांमध्यें दडविली होती. ५ एप्रिल १९४३ रोजीं ते पकडले गेले व ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लोसेनब्युर्ग येथें त्यांना फांशीं देण्यांत आलें. बेटगे यांनीं १९५१ सालीं तुरुंगांतील पत्रांबरोबर हा निबंध छापला. त्यांतला सर्वांत बोचणारा भाग मूर्खपणाविषयीं आहे. मूर्खपणा हा दुष्टपणाहून अधिक धोक्याचा, कारण दुष्टाचा विरोध करतां येतो. मूर्खापुढें पुरावा ठेवला तर तो त्यावर विश्वासच ठेवीत नाहीं. हा बुद्धीचा दोष नव्हे. सत्ता प्रबळ होते तेव्हां चांगलीं शिकलेलीं माणसेंहि आपला निर्णय तिच्या स्वाधीन करतात. मग त्यांच्याशीं बोलूं गेल्यास माणूस भेटत नाहीं, त्याच्या तोंडीं बसलेल्या घोषणा भेटतात. सुशिक्षित कुटुंबांत हा भाग मोठ्यानें वाचण्यासारखा आहे, व वाचतांना शेजाऱ्याचें नांव मनांत न आणण्यासारखा आहे.

त्या घोषणांचा दुसरा एक परीक्षक ह्याच वेळीं ड्रेस्डेनमध्यें काम करीत होता. व्हिक्टर क्लेंपरर हे ज्यू वंशाचे भाषाभ्यासक १९३५ सालीं प्राध्यापकपदावरून निघाले. ग्रंथालयें बंद झालीं. मग रस्त्यावरची भाषा हाच त्यांचा ग्रंथ झाला. 'फॅनॅटिक' हा निंदेचा शब्द हळूहळू स्तुतीचा कसा झाला, हें ते रोजनिशींत टिपून ठेवीत, आणि त्यांच्या पत्नी एव्हा तीं पानें मैत्रिणीच्या घरीं पोंचवीत. त्या टिपणांतून १९४७ सालीं त्यांचा 'एल. टी. आय.' हा ग्रंथ झाला. बॉनहॉफर यांनीं रोगाचें वर्णन केलें. क्लेंपरर यांनीं तें विष कोणत्या शब्दांतून शरीरांत गेलें हें दाखविलें.

बॉनहॉफर यांच्या ह्या निबंधाशीं आमचा एक मतभेद आहे. मूर्खपणा उपदेशानें जात नाहीं, बाहेरची सत्ता गेल्यावांचून आंतली सुटका होत नाहीं, असें ते म्हणतात. दहा वर्षांच्या कडू अनुभवानें काढलेला हा निष्कर्ष आहे, व तो कटांत शिरलेल्या माणसाचा आहे. त्याला तत्काळ कृति हवी होती. पण हें सर्वथा खरें धरलें तर श्मिट्झबाईंनीं दोनशें प्रती काढल्या त्या व्यर्थ ठरतात. त्या व्यर्थ होत्या काय? त्यांनीं एकहि कायदा थांबला नाहीं, हें खरें. उलट बाजूचें एक उदाहरण मात्र इतिहासांत आहे. ३ ऑगस्ट १९४१ रोजीं म्युन्स्टरचे कॅथॉलिक बिशप गालेन यांनीं, वेड्या व अपंग रुग्णांची राज्य हत्या करीत आहे, असें व्यासपीठावरून उघड सांगितलें. श्रोत्यांनीं प्रती केल्या व त्या हातोहात देशभर गेल्या. तोंवर सत्तर हजारांवर रुग्ण विषारी वायूनें मारले गेले होते. २४ ऑगस्टला हिटलरनें ती योजना थांबविण्याचा हुकूम दिला. पुढें उपासमारीनें व औषधांनीं हत्या चालूच राहिल्या, आणि ज्यूंसाठीं गालेन यांनीं असें प्रवचन केलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु ऐकलेलें नीट उतरून घेणाऱ्या सामान्य माणसांपुढें सत्तेला एकदां तरी पाऊल मागें घ्यावें लागलें, एवढें त्यावरून निश्चित होतें.

म्हणून आम्ही असें म्हणूं कीं, अवधानानें दुसऱ्याचा मूर्खपणा जाईलच असें नाहीं. पण ज्याच्यापाशीं तें आहे तो स्वतः मूर्ख होण्याचें टळतें. आणि त्याचें एक दुसरें फळ आहे. युद्ध संपल्यावर असंख्य घरांतून एकच वाक्य ऐकूं आलें: आम्हांला ठाऊक नव्हतें. श्मिट्झबाईंचें निवेदन हें त्या वाक्याचें कायमचें खंडन आहे. त्यांच्यापाशीं गुप्तहेर नव्हते, मोठें पद नव्हतें. शिक्षिकेला दिसण्यासारखें होतें तेवढेंच त्यांनीं पाहिलें. जें एका शिक्षिकेला १९३५ सालीं ठाऊक होतें तें पाहूं इच्छिणाऱ्या सर्वांनाच ठाऊक होऊं शकलें असतें. बार्मेनचा जाहीरनामा सत्तेला दोषी ठरवितो. हें निवेदन श्रोत्यांना जबाबदार धरतें. म्हणूनच तें वाचावयास अधिक जड जातें, आणि म्हणूनच बहुधा तें इतकीं वर्षें बाजूला राहिलें.

युद्धानंतर बाई हानाऊला परतल्या व पुन्हां शिकवूं लागल्या. आपण काय केलें हें त्यांनीं कोणाला सांगत बसण्याचें मनांत आणलें नाहीं. निवेदन मार्गा मॉयझेल ह्या समाजसेविकेच्या नांवावर इतिहासाच्या पुस्तकांत नोंदलें गेलें. १९७७ सालीं बाई वारल्या, तेव्हां अंत्यविधीस सात माणसें होतीं. खरी लेखिका कोण हें १९९९ सालीं छापून आलें. आणि २००४ सालीं हानाऊच्या एका चर्चच्या तळघरांत एक जुनी बॅग सांपडली, तींत त्यांच्या हातचा मसुदा होता.

तीनहि कागद पुढें ठेवून आम्हांस वाचकांपाशीं एकच मागणें मागावयाचें आहे. सभा, कीर्तन, प्रवचन, अग्रलेख ह्यांची आपल्या घरांत वाण नाहीं. वक्ता काय बोलला ह्याची चर्चा घरीं परतल्यावर होतेच. तींत एक प्रश्न वाढवावा: आज कोणाचें नांव घेतलें गेलें नाहीं, आणि तो राहतो कोठें? बर्लिनच्या त्या शिक्षिकेला त्याचें उत्तर शोधण्यास लांब जावें लागलें नव्हतें.